जुन्या डीसी ड्राइव्हचं कंट्रोल बोर्ड कुठं मिळेल? सेंट्रिफ्युगल बंद पडलंय आणि सीझन चालू आहे

साखर_इलेक्ट्रिकल:

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. अडचण मोठी आहे म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे चार बॅच सेंट्रिफ्युगल (बास्केट जोरात फिरवून साखर आणि पाक वेगळे करणारी मशीन) आहेत, १७५० किलो चार्जच्या, चारहीला डीसी मोटर आणि फोर क्वाड्रंट थायरिस्टर ड्राइव्ह (मोटरचा वेग आणि ब्रेकिंग दोन्ही सांभाळणारं इलेक्ट्रॉनिक युनिट), १९९८ ला बसवलेले. ड्राइव्ह कुठल्या कंपनीचे ते इथं टाकत नाही, त्यावरून उगाच वाद होतो, आणि पंचवीसच्या वर सीझन काढलेल्या मालाला काय नावं ठेवायची. गेल्या मंगळवारी फीडरच्या कामासाठी दोन तास शटडाउन घेतला, परत सप्लाय दिला तर तीन मशीन सुरू झाली आणि ३ नंबरच्या ड्राइव्हचा डिस्प्लेच येईना. फ्यूज चांगले, कंट्रोल ट्रान्सफॉर्मरला व्होल्टेज आहे. आमच्यातल्या एका जुन्या वायरमननं बोर्डावर हेअर ड्रायरनं पाच मिनिटं गरम हवा मारली तर डिस्प्ले आला, पण पॅरामीटर मेमरीचा फॉल्ट दाखवला आणि सगळे पॅरामीटर डिफॉल्ट होऊन बसले. कमिशनिंगच्या वेळची हातानं लिहिलेली पॅरामीटर शीट फाइलला आहे पण त्यानंतर मधल्या वीस वर्षांत कुणी काय काय बदललं त्याची नोंद नाही.

कंपनीच्या इथल्या एजंटला फोन केला तर म्हणाले मॉडेल ऑब्सोलिट, बोर्ड नाही, नवीन ड्राइव्ह घ्या, दहा-बारा आठवडे लागतील. दहा आठवड्यात आमचं गाळप संपतंय. इंटरनेटवर दोन ठिकाणी बोर्ड दिसतंय, एक दिल्लीचा माणूस टेस्टेड ओके म्हणतोय आणि एक परदेशातलं आहे. दिल्लीवाल्याकडचं बोर्ड त्याच सीरिजचं आहे पण आमच्यापेक्षा मोठ्या ॲम्पिअरच्या ड्राइव्हमधनं काढलेलं.

सध्या तीन मशीनवर ए मॅसेक्विट (साखरेचे दाणे आणि पाक यांचं दाट मिश्रण) उपसत नाही, क्रिस्टलायझर भरत आलेत, चीफ इंजिनिअर साहेब दिवसातनं चार वेळा विचारतात. माझे प्रश्न असे, बोर्ड खात्रीनं कुठं मिळेल, वेगळ्या ॲम्पिअरच्या ड्राइव्हचं बोर्ड चालतं का, आणि २ नंबरचं चालू बोर्ड काढून ३ नंबरला लावून बघू का म्हणजे बोर्डच गेलंय का ते तरी कळेल. कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.


बोर्ड_रिपेअर_भोसरी:

साहेब, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. २ नंबरचं बोर्ड काढू नका. अजिबात नको. ३ नंबरच्या पॉवर साइडला काही शॉर्ट असेल, एखादा पल्स ट्रान्सफॉर्मर किंवा गेट कॅथोडमध्ये मेन व्होल्टेज आलेलं असेल, तर चांगलं बोर्डही जाईल आणि मग दोन मशीन बंद. शिवाय २ नंबरचा कंट्रोल सप्लाय तुम्ही बंद केला आणि तेही परत उठलं नाही तर काय कराल, कारण वय त्याचंही तेवढंच आहे.

आता आजार. गार असताना उठत नाही, गरम केलं की उठतं, हे एसएमपीएसमधले, म्हणजे बोर्डाच्या पॉवर सप्लायमधले, इलेक्ट्रोलाइट कपॅसिटर वाळल्याचं लक्षण आहे. त्या काळच्या बोर्डांवर सप्लायला बहुतेक यूसी३८४२ किंवा ३८४४ टाइपचा आयसी असतो आणि त्याला सुरुवातीचा धक्का द्यायला २२ किंवा ४७ मायक्रोफॅरडचा एक छोटा कपॅसिटर असतो. एकदा सप्लाय चालू झाला की आयसीला ट्रान्सफॉर्मरच्या वेगळ्या वाइंडिंगवरनं पॉवर मिळते, त्यामुळं हा कपॅसिटर हळूहळू वाळला तरी मशीन चालूच राहतं आणि कुणाला कळत नाही, आणि मग ज्या दिवशी तुम्ही दोन तास बंद करता त्या दिवशी तो परत उठवू शकत नाही. शटडाउननंतर मेलेली जी बोर्डं माझ्याकडं येतात त्यात हेच सगळ्यात जास्त असतं. हेअर ड्रायर आता बाजूला ठेवा. तसं अर्धवट उठवत राहिलात तर ५ व्होल्टचा सप्लाय डळमळत वर येतो आणि त्या वेळात प्रोसेसर ईईप्रॉममध्ये, म्हणजे पॅरामीटर साठवायच्या मेमरीत, काहीबाही लिहितो. तुमचे पॅरामीटर असेच उडाले असणार. म्हणजे ईईप्रॉम मेला असं नाही, त्यातला डेटा खराब झालाय, सप्लाय नीट केला की परत लिहिता येईल.

मी असतो तर आज रात्रीच पहिलं काम हे केलं असतं, १, २ आणि ४ नंबरचा कंट्रोल सप्लाय चालू असतानाच डिस्प्लेवर एकेक पॅरामीटर उघडून सगळ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. सगळे म्हणजे सगळे, ज्यांचा अर्थ लागत नाही तेसुद्धा. मशीन चारही सारखी आहेत म्हणजे ३ नंबरचे ऐंशी-नव्वद टक्के पॅरामीटर तुम्हाला तिथंच मिळाले. आणि सीझन संपेपर्यंत त्या तीन ड्राइव्हचा कंट्रोल सप्लाय कुणीही बंद करायचा नाही, पॅनेलवर तशी पाटी लिहून लावा.

मग ३ नंबरचं बोर्ड काढून पुढचं बघा:

आधी भिंगानं कपॅसिटरच्या बुडाशी बघा. फुगलेले असतीलच असं नाही, जुने वाळतात पण फुगत नाहीत. बुडाशी तपकिरी डाग असेल, ट्रॅक काळा पडला असेल तर इलेक्ट्रोलाइट गळलंय, ते आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) नीट धुवायला लागतं, नाहीतर नवीन कपॅसिटरखाली ट्रॅक खात राहतं. ईएसआर मीटर (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स मोजणारा) असेल तर मोजा, नसेल तर मोजत बसू नका, सप्लायमधले सगळे बदला. १०५ डिग्रीचे, लो ईएसआर, मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्टेज तेवढं किंवा एक पायरी वरचं. ऑथोराइज्ड डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या, ऑनलाइन मागवले तर दोन-तीन दिवसात येतात. सुटे, गल्ल्यातले घेऊ नका, बाहेरून नामांकित ब्रँडचं कव्हर आणि आत कमी मालाचा कपॅसिटर असं मी स्वतः कापून बघितलंय.

बदलल्यावर बेंचवर सप्लाय द्या. ५ व्होल्ट, अधिक-उणे १५ आणि २४ मोजा. मल्टीमीटरवर ५ बरोबर दिसला म्हणून खूश होऊ नका, स्कोप (ऑसिलोस्कोप) लावा. रिपल, म्हणजे व्होल्टेजमधला बारीक चढउतार, पन्नास मिलिव्होल्टच्या खूप वर असेल तर अजून काहीतरी राहिलंय.

तुमच्याकडं सल्फिटेशन (सल्फर डायऑक्साइडनं रस साफ करणं) आहे म्हणजे हवेत सल्फर डायऑक्साइड असणार, त्यात वाफ आणि बगॅसची धूळ. त्यामुळं रिबन केबलचे कनेक्टर आणि सॉकेटमधले आयसी काळे पडतात. आयसी सॉकेटमधनं काढून परत बसवले तरी अर्धे अडलेले बोर्ड सुरू होतात, पण त्याआधी मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधा. आणि ईप्रॉमवर (ड्राइव्हचं सॉफ्टवेअर असलेली चिप) खिडकी असते तिच्यावरचं स्टिकर काढू नका, निघालं असेल तर नवीन चिकटवा.


स्टोअर_पर्चेस:

मी साखर उद्योगातच पर्चेसला होतो, आता सुटं काम करतो. बोर्ड मिळण्याबद्दल सांगतो, टेक्निकल बाकीचे सांगतीलच.

सगळ्यात जवळचा स्टॉक तुमच्या आजूबाजूच्या कारखान्यांच्या भंगार यार्डात आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कितीतरी कारखान्यांनी सेंट्रिफ्युगलला एसी ड्राइव्ह केलेत. काढलेले डीसी ड्राइव्ह कुठं जातात, शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून असतात कारण सहकारी कारखान्याला भंगार विकायला टेंडर काढावं लागतं आणि ते वर्षानुवर्ष निघत नाही. पर्चेस ऑफिसरला फोन करत बसू नका, त्यांना माहितीच नसतं. तिथल्या इलेक्ट्रिकल सुपरवायझरला फोन करा, पॅनेलच्या नेमप्लेटचा फोटो पाठवा. सापडलं तर एमडी साहेबांच्या सहीनं उसनवारीचं पत्र घेऊन माणूस पाठवा, रिटर्नेबल गेटपासवर एका दिवसात माल हातात येतो, मी असं तीन वेळा केलंय. विकत घ्यायला गेलात तर मीटिंग, ठराव, कोटेशन यातच महिना जाईल.

दिल्लीवाला किंवा कुणीही असो, पैसे देण्याआधी हे मागा. बोर्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो, स्टॉकचे नाही, तुमचं नाव आणि आजची तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून. पार्ट नंबरच्या शेवटची अक्षरं आणि रिव्हिजन स्पष्ट दिसली पाहिजेत, पहिले आठ आकडे सारखे आहेत म्हणून बोर्ड सारखं नसतं. ईप्रॉमवरच्या स्टिकरचा फोटो, त्यावर सॉफ्टवेअर व्हर्जन असतं. आणि टेस्टेड म्हणजे काय केलं ते विचारा, नुसता डिस्प्ले आला म्हणजे टेस्टेड म्हणणारे जास्त आहेत. ड्राइव्हमध्ये लावून, मोटर फिरवून व्हिडिओ देणारा मिळाला तर दोन पैसे जास्त द्या. पूर्ण ॲडव्हान्स देऊ नका, तीस दिवसांची रिप्लेसमेंट लेखी घ्या.

परदेशातनं मागवणार असाल तर नवीन की वापरलेलं हे इनव्हॉइसवर स्पष्ट पाहिजे. रिफर्बिश्ड स्पेअर असेल तर आपल्या फॉरेन ट्रेड पॉलिसीप्रमाणं चार्टर्ड इंजिनिअरचं सर्टिफिकेट लागतं की स्पेअरचं मूळ आयुष्याच्या किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे. ते नसलं तर माल कस्टममध्ये अडकतो आणि रोजचं डेमरेज तुमच्या डोक्यावर. सेलरला हे आधीच सांगितलं तर तो तयार ठेवतो, माल मुंबईत येऊन पडल्यावर सांगितलं तर काही होत नाही. तुमच्या घाईत परदेशी पर्याय मी दुसऱ्या नंबरलाच ठेवीन.


कमिशनिंग_वडोदरा:

मूळचा साताऱ्याचा, गेली अठरा वर्षं वडोदऱ्यात आहे, डीसी ड्राइव्ह कमिशनिंग हेच काम. भोसरीच्या दादांनी सप्लायचं सांगितलं ते शंभर टक्के बरोबर. मी वेगळ्या ॲम्पिअरच्या बोर्डाबद्दल लिहितो कारण तिथं मोटर जळते, आणि तुमच्या बाबतीत तर माणूस जाऊ शकतो.

ड्राइव्हला करंट किती चाललाय ते सीटीवरनं (करंट ट्रान्सफॉर्मर) कळतं, सीटीच्या सेकंडरीचा करंट बर्डन रेझिस्टरमधनं जातो आणि त्याच्यावरचं व्होल्टेज प्रोसेसर वाचतो. हा बर्डन काही ड्राइव्हमध्ये पॉवर इंटरफेस बोर्डावर असतो, काहींत कंट्रोल बोर्डावरच. तो कंट्रोल बोर्डावर असेल आणि तुम्ही मोठ्या ड्राइव्हचं बोर्ड लावलं तर त्याचा बर्डन कमी ओहमचा असतो, म्हणजे तेवढ्याच ॲम्पिअरला व्होल्टेज कमी मिळतं, ड्राइव्हला वाटतं करंट कमी आहे आणि तो आणखी ढकलतो. डिस्प्लेवर १०० टक्के दिसत असताना प्रत्यक्षात मोटरमध्ये दीडपट जात असतो. सेमीकंडक्टर फ्यूज गेला तर नशीब, नाही गेला तर कम्युटेटरवर फ्लॅश. उलटं, छोट्या ड्राइव्हचं बोर्ड लावलं तर करंट लिमिट लवकर येते आणि बास्केट स्पिनला पोचायला वेळ लागतो, त्यात नुकसान नाही, पण सायकल लांबते. तेव्हा दिल्लीवाल्याचं बोर्ड घ्यायचं असेल तर आधी तुमच्या बोर्डावर बर्डन कुठं आहे ते शोधा, ओहम मोजा आणि तुमच्या बोर्डाचे रेझिस्टर काढून नव्यावर लावा. जंपर आणि डिप स्विचचाही फोटो काढून जसेच्या तसे. काही मेकमध्ये ड्राइव्हचं रेटिंग एका वेगळ्या प्लगमध्ये किंवा मेमरीत असतं, तिथं ते बदलायला लागतं.

बोर्ड रिपेअर केलेलं असो नाहीतर दुसरं आणलेलं, थेट मोटरवर सोडायचं नाही. माझी पद्धत सांगतो.

आर्मेचरच्या (मोटरचा फिरणारा भाग) केबल सोडा. फील्डच्या (मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र तयार करणारं वाइंडिंग) राहू द्या. सप्लाय देऊन आधी फील्ड करंट क्लॅम्प मीटरनं मोजा, नेमप्लेटशी जुळला पाहिजे. फील्ड लॉसचं प्रोटेक्शन चालतं का ते फील्डचा फ्यूज काढून बघा, ड्राइव्ह ट्रिप झालाच पाहिजे. चालू फील्डचा फ्यूज ओढायचा नाही, आधी सप्लाय बंद, मग फ्यूज काढून परत चालू करायचं.

मग आर्मेचरच्या टर्मिनलला डमी लोड. बरेच जण इथं दोनशे वॉटचे बल्ब लावतात आणि फसतात. मोठ्या थायरिस्टरला लॅच व्हायला, म्हणजे पल्स गेल्यावरही चालू राहायला, पुरेसा करंट लागतो, एका बल्बच्या करंटला तो लॅच होईलच असं नाही, मग स्कोपवर पल्स गायब दिसतात आणि माणूस चांगलं बोर्ड खराब म्हणून टाकून देतो. दोन २ किलोवॉटचे हीटर सीरिजमध्ये लावा. आर्मेचर व्होल्टेज फीडबॅकवर ठेवून थोडा रेफरन्स द्या आणि स्कोपवर बघा, २० मिलिसेकंदात सहा सारखे उंचवटे दिसले पाहिजेत. एक कमी असेल तर एखादा थायरिस्टर पेटत नाही, गेटची वायर, पल्स ट्रान्सफॉर्मर नाहीतर बोर्ड. स्कोप मेन सप्लायला जोडताना डिफरन्शियल प्रोब वापरा, स्कोपचं अर्थिंग कापून काम करणारे मी बघितलेत, ते करू नका.

तुमचा ड्राइव्ह फोर क्वाड्रंट आहे म्हणजे बारा थायरिस्टर, दोन ब्रिज. फॉरवर्ड ब्रिज चालला म्हणून रिव्हर्स चालेल असं नाही. सेंट्रिफ्युगलला ब्रेकिंग रिव्हर्स ब्रिजवरच होतं, स्पिनवरनं प्लाउच्या (बास्केटमधली साखर खरवडून काढायच्या) पन्नास-साठ आरपीएमला येताना. तेव्हा दोन्ही दिशांचे पल्स तपासा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टॅको, म्हणजे मोटरचा वेग मोजणारा छोटा जनरेटर. पॅरामीटर डिफॉल्ट झाल्यावर स्पीड फीडबॅक टॅको आहे की आर्मेचर व्होल्टेज, टॅकोचं स्केलिंग किती, हे सगळं उडालेलं असतं. टॅकोच्या नेमप्लेटवर बघा, ६० व्होल्ट पर १००० आरपीएम असेल तर १२०० ला ७२ व्होल्ट यायला पाहिजेत. पोलॅरिटी उलटी झाली किंवा वायर तुटलेली राहिली तर ड्राइव्हला वाटतं मोटर उलटी फिरतेय किंवा फिरतच नाही आणि तो पूर्ण व्होल्टेज देऊन टाकतो. रिकाम्या टेबलवरची मोटर पळाली तर आवाज येतो. इथं दीड-दोन टनाचं बास्केट आहे. म्हणून पहिली स्टार्ट आर्मेचर फीडबॅकवर, करंट लिमिट अगदी खाली, बास्केट रिकामं, आजूबाजूला कुणी नाही. पन्नास आरपीएमला मीटरनं टॅकोचं व्होल्टेज आणि पोलॅरिटी बघा, जुळलं की मगच टॅकोवर या. आणि ओव्हरस्पीड स्विच आणि व्हायब्रेशन स्विच ड्राइव्हशिवाय, थेट मेन कॉन्टॅक्टर पाडतात का ते हातानं ट्रिप करून बघा. ते चालत नसतील तर मशीन चालवू नका, साहेब कितीही वेळा विचारू देत.

मोटरला मेगर (इन्सुलेशनची टेस्ट) करायचा झाला तर ड्राइव्हच्या सगळ्या केबल सोडूनच, हे माहिती असेलच तरी लिहितो.


साखर_इलेक्ट्रिकल:

सगळ्यांचे लई आभार. रात्री तिन्ही ड्राइव्हचे पॅरामीटर उतरवले, तीन जण बसलो होतो, साडेचार तास लागले. आणि बरं झालं, कारण १ आणि ४ नंबरमध्ये करंट लिमिट आणि स्पीड लूपचा गेन फाइलमधल्या शीटपेक्षा वेगळा निघाला. २ नंबरमध्ये रॅम्पचा टाइम वेगळा आहे. म्हणजे जुनी शीट भरली असती तर चुकलंच असतं.

३ नंबरचं बोर्ड उघडलं. सप्लायच्या भागात नऊ इलेक्ट्रोलाइट कपॅसिटर आहेत, दोघांच्या बुडाशी तपकिरी डाग आहे. आयसी ३८४४ च निघाला. बर्डन आमच्याकडं कंट्रोल बोर्डावरच आहेत, तीन रेझिस्टर पॅरललमध्ये. बोर्ड माणसाबरोबर भोसरीला पाठवलंय, दादांशी फोनवर बोलणं झालं.

दुसरीकडं शेजारच्या तालुक्यातल्या कारखान्यात खरंच ताडपत्रीखाली आमच्याच सीरिजचे दोन ड्राइव्ह सापडले. उसनवारीचं पत्र आज सहीला दिलंय.


एसी_ड्राइव्ह_चाकण:

मंडळी, राग मानू नका पण मला कळत नाही की २७ वर्षांच्या बोर्डामागं एवढी धावपळ कशासाठी. कपॅसिटर बदललेत, उद्या पल्स ट्रान्सफॉर्मर जाईल, परवा प्रोसेसर. डीसी मोटरला ब्रश, कम्युटेटर, कार्बनची धूळ, दर ऑफ सीझनला स्किमिंग (कम्युटेटर लेथवर घासून गुळगुळीत करणं). सरळ इंडक्शन मोटर लावा, ॲक्टिव्ह फ्रंट एंडवाला (लाइनला पॉवर परत देऊ शकणारा) एसी ड्राइव्ह लावा, ब्रेकिंगची पॉवर परत लाइनला जाईल, पॉवर फॅक्टर सुधारेल, हार्मोनिक्स कमी होतील. स्पेअर कुठंही मिळतील. जुन्याला चिकटून राहण्यात नुकसानच आहे, हे मी मनापासून सांगतोय, तीन प्लांटमध्ये असं केलंय आणि कुणाला पश्चात्ताप झाला नाही.


कमिशनिंग_वडोदरा:

चाकणच्या मित्राचं म्हणणं चूक नाही, पण जानेवारीत नाही. मोटरची उंची, शाफ्ट, फाउंडेशन, व्हर्टिकल माउंटिंगचा फ्लँज, केबल, पॅनेलची जागा, सगळं बदलतं. सेंट्रिफ्युगलची मोटर वरनं टांगलेली असते, नुसतं फ्रेम साइझ जुळलं म्हणून चालत नाही. हे ऑफ सीझनचं काम, एप्रिलमध्ये सीझन संपल्या संपल्या ऑर्डर गेली तर ऑक्टोबरपर्यंत होतं.

मधला एक मार्ग आहे तो लोकांना माहिती नसतो म्हणून सांगतो. थायरिस्टर, हीट सिंक, बसबार आणि मोटर हे सहसा जात नाही, जातात ती इलेक्ट्रॉनिक्स. म्हणून मोठ्या कंपन्या फक्त कंट्रोलचा भाग विकतात जो जुन्या थायरिस्टर स्टॅकवर बसवता येतो. सीमेन्सचं सिमोरेग ६आरए२४ गेलं, मग ६आरए७० आलं, आता सायनॅमिक्स डीसीएम म्हणजे ६आरए८० आहे, त्यात कंट्रोल मॉड्यूल म्हणून वेगळी वस्तू मिळते. एबीबीचं डीसीएस८००-आर हे रिबिल्ड किटही याच कामाचं. जुना स्टॅक कुठल्याही मेकचा असला तरी गेटचे पल्स, सीटी, सिंक्रोनायझिंग व्होल्टेज आणि फील्ड हे जुळवून देता येतं. मात्र हे मोठ्या करंटला परवडतं. शंभर-दोनशे ॲम्पिअरच्या ड्राइव्हला नवीन अख्खा डीसी ड्राइव्हच स्वस्त पडतो, तेव्हा दोन्ही कोटेशन घ्या. मोटर चांगली असेल, ऑफ सीझनला ओव्हरहॉल झालेली असेल, तर नवीन डीसी ड्राइव्ह हा मला चार मशीनसाठी सगळ्यात कमी जोखमीचा पर्याय वाटतो. मोटरचं इन्सुलेशन थकलंय, कम्युटेटर स्किम करून करून मिनिमम डायमीटरला आलाय, तर मात्र एसी.

आणि एकच मशीन बदलू नका. एक बदललं की जुना एक अख्खा ड्राइव्ह स्पेअर म्हणून मोकळा होतो, हे खरं आहे आणि पैसे नसतील तर ते करा, पण मग काढलेला ड्राइव्ह यार्डात टाकायचा नाही, स्टोअरमध्ये कोरड्या जागी, बोर्डं अँटिस्टॅटिक पिशवीत, आणि वर्षातनं एकदा सप्लाय देऊन उठतोय का ते बघायचं.


बोर्ड_रिपेअर_भोसरी:

बोर्ड आलं काल. नऊच्या नऊ कपॅसिटर बदलले. स्टार्टअपचा ४७ मायक्रोचा मीटरवर ६ दाखवत होता. एक ट्रॅक इलेक्ट्रोलाइटनं खाल्ला होता, वरनं वायर टाकली. ५ व्होल्टला आधी रिपल तीनशे मिलिव्होल्टच्या वर होता आता वीसच्या आत आहे. फ्रीजमध्ये एक तास ठेवून काढला, गार असताना दहा वेळा चालू बंद केला, दहाही वेळा उठला. ईईप्रॉम लिहून वाचून बघितला, चांगला आहे, तरी नवीन लावून दिलाय कारण त्या पिढीच्या ईईप्रॉमचा डेटा टिकायची हमी दहा वर्षांची होती आणि याला त्याच्या दुप्पट झालीत. ईप्रॉमची कॉपी काढून बिन फाइल साहेबांना पाठवलीये, ती कारखान्याच्या नावाच्या मेलवर ठेवा, एखाद्याच्या खासगी मोबाइलवर नको, माणूस नोकरी सोडतो आणि फाइलही जाते.

बोर्डावर एक प्रोग्राम केलेला गॅल आयसी (आत लॉजिक भरलेली चिप) आहे, त्याची सिक्युरिटी बिट मारलेली आहे म्हणून तो वाचता येत नाही. तो गेला तर बोर्ड रिपेअर होणार नाही. म्हणून शेजारच्या कारखान्यातनं जे दोन ड्राइव्ह मिळतायत ते परत द्यायची घाई करू नका, बोर्डाचा भाग तरी विकत घ्यायचं बघा. आणि हा प्रोसेसर आता कुणी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन नवीन म्हणून विकत असेल तर जपून, वरचं प्रिंट घासून दुसरा नंबर छापलेले आयसी भरपूर फिरतात. ॲसिटोननं पुसून बघा, छपाई निघाली किंवा खाली घासल्याच्या रेषा दिसल्या तर परत करा.

राहिलेली तीन बोर्डं सीझन संपल्यावर एकेक करून पाठवा. तिन्ही एकदम नको, काही हरवलं तुटलं तर हातात काही राहणार नाही.


साखर_इलेक्ट्रिकल:

काल दुपारी ३ नंबर चालू झालं. वडोदऱ्याच्या सरांनी लिहिल्याप्रमाणंच केलं. मेसच्या गिझरचे दोन एलिमेंट सीरिजमध्ये लावून पल्स बघितले, फॉरवर्डला सहा आले, रिव्हर्सला पाचच. शोधलं तर रिव्हर्स ब्रिजच्या एका थायरिस्टरच्या गेटची लग हिरवी पडून आतनं तुटलेली, नुसती स्लीव्हमुळं धरून होती. ती मंगळवारच्या आधीपासनंच तशी असणार, कारण ३ नंबर ब्रेकिंगला नेहमी जास्त हमिंग करायचं आणि आम्ही बेअरिंग समजून दोन वेळा मोटर उघडली होती. लग बदलली, आवाज गेला.

ओव्हरस्पीड स्विच ट्रिप करून बघितला तर कॉन्टॅक्टर पडलाच नाही. पीएलसीला सिग्नल जात होता पण थेट कॉन्टॅक्टरची वायर कधीतरी कुणीतरी बायपास केलेली. हे बघून आम्ही सगळेच गप्प झालो. मशीन सुरू करायच्या आधी ती वायर परत घातली आणि मग बाकीच्या तिन्ही मशीनवर शिफ्ट बदलताना तपासलं, ४ नंबरलाही तसंच होतं, तेही सरळ केलं. चीफ इंजिनिअर साहेबांना लेखी दिलंय.

शेजारच्या कारखान्यातनं एक ड्राइव्ह उसना आलाय, तो स्टोअरला ठेवलाय, बर्डन मोजून टॅग लावलाय, सॉफ्टवेअर व्हर्जन आमच्यापेक्षा एक आकडा वरचं आहे ते टॅगवर लिहिलंय. चारही मशीनचे पॅरामीटर टाइप करून पॅनेलच्या दाराला आतनं लॅमिनेट करून चिकटवले, बदल केला तर तारीख आणि सही असा रकाना ठेवलाय. बोर्ड मीटिंगला एप्रिलसाठी दोन कोटेशन ठेवणार आहोत, नवीन डीसी आणि एसी. त्यासाठी मोटरच्या कम्युटेटरचा डायमीटर मोजायचाय, मिनिमम किती चालतो हे मोटरच्या कुठल्या कागदावर असतं ते कुणी सांगेल का, आमच्याकडं फक्त नेमप्लेट आहे.


कमिशनिंग_वडोदरा:

मोटरच्या मॅन्युअलमध्ये असतो, नेमप्लेटवर नसतो. सीरियल नंबर पाठवला तर मोटर बनवणारे ड्रॉइंग देतात, जुनं असलं तरी त्यांच्याकडं असतं बऱ्याचदा. तोपर्यंत रायझरच्या (कम्युटेटरला वाइंडिंग जोडलेली कड) शेजारी बघा, काही मोटरवर कम्युटेटरच्या कडेला खाच कोरलेली असते, तिच्याखाली स्किम करायचं नाही अशी. कम्युटेटरच्या पट्ट्यांमधल्या मायकाची अंडरकट खोलीही मोजून ठेवा आणि ब्रश होल्डर ते कम्युटेटर गॅप चारही मोटरचा.